परसांतील आंबा व घरची बेगमी

(ज्युबिलीनिमित्त महिला मंडळाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास सांगण्याचें काम आमच्याहून अधिकारी अशा वडील मंडळींनीं केलेंच आहे. महिला मंडळाच्या भगिनींनीं आम्हांस विषय दिला तो निराळा. आमच्या लहानपणीं सोनपेठकडे घरचीं म्हणून कोणतीं फळें असत, आणि तीं वर्षभर पुरावीं यासाठीं घरांतल्या बायका काय काय करून ठेवीत, तें आम्हीं सांगावें अशी त्यांची इच्छा आहे. विषय जिभेचा आहे, आणि जिभेचे विषय चर्चच्या आवारांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आपल्या प्रभूनें पहिला चमत्कार केला तो लग्नघरांतील द्राक्षारस संपला तेव्हां. घरांतली बेगमी आटली म्हणजे घरच्या माणसाची काय अवस्था होते, हें त्याच्या मातेनें ओळखलें व त्यालाही तें क्षुल्लक वाटलें नाहीं, एवढें तरी त्यावरून दिसतें.

सोनपेठ आज तालुक्याचें ठिकाण आहे. परभणी जिल्ह्यांत, गोदावरीच्या दक्षिणेस तें वसलेलें आहे. आणि आमच्याकडे गोदावरीला गोदावरी असें फारसें कोणी म्हणत नाहीं, गंगाच म्हणतात. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. आम्ही सांगतों तो काळ त्यानंतरचा, १९६० च्या आगेमागचा. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला, त्याच्याही बराच अगोदरचा. फादर वर्षांतून थोडेच वेळां येत. एरवीं प्रार्थना व धर्मशिक्षण मास्तरांच्या ओसरीवर चाले.

जमीन काळी, कसदार, पण उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यांत कापूस, ज्वारी व तूर उत्तम. फळांच्या वाड्या मात्र नव्हत्या. फळझाड म्हणजे विहिरीच्या कडेचें, ओढ्याच्या कांठचें, नाहीं तर दोन शेतांमधल्या बांधावरचें. वसईकडच्या ख्रिस्ती वाडीवाल्यांचीं राजेळी केळीं व तीं उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं, किंवा गोव्याच्या घरांतील पेरूची पेराद, हीं आम्हीं फार पुढें, सिस्टरांच्या कृपेनें, खाल्लीं. त्यांच्यापुढें आमची फळावळ गरीब होती खरी. पण ती वर्षाच्या बाराही महिने कोणत्या ना कोणत्या रूपानें भाकरीच्या शेजारीं असे.

हिवाळ्यांत बोरें येत. बांधावरच्या बोरीची मालकी कोणाची, हा प्रश्न मुलांना कधींच पडत नाहीं. खाऊन उरलेलीं बोरें छपरावर वाळत, आणि वाळल्यावर उखळांत कुटून त्यांचें बोरकूट होई. त्यांत मीठ व किंचित् गूळ घातला कीं शाळेच्या वाटेनें तळहातावर घेऊन चाटीत जावें. पुढें चिंचा उतरत. चिंचा फोडणें हें साऱ्या आळीचें काम होतें. टरफल काढावें, शिरा ओढाव्या, चिंचोके बाजूस करावे, मग मीठ लावून गोळे वळावे व मडक्यांत दाबून ठेवावे. भाजलेले चिंचोके मुलें खात, न भाजलेले खेळायला लागत. महाशिवरात्रीला गांवांत कवठाचा मान; आमच्या घरीं त्याच सुमारास राखेचा बुधवार येई. गुळांत कालविलेला कवठाचा गर दोन्हीकडे सारखाच लागे. आंवळ्याचा मोरावळा मात्र आमच्याकडे होत नसे, कारण त्याला साखर लागते. आंवळा किसून, मीठ लावून, कडक वाळवून ठेवीत. तीच आमची खोकल्याची गोळी.

सीताफळाची गोष्ट निराळी आहे. तें दसरा-दिवाळीच्या सुमारास येतें, बालाघाटच्या खडकाळ उतारावर कोणी न लावतां वाढतें, आणि त्याच्या पाल्याला शेळीदेखील तोंड लावीत नाहीं. या फळाचें लोणचें नाहीं, मुरांबा नाहीं, वाळवण नाहीं. गर शिजवूं गेलें तर कडवटपणा येतो व रंग जातो. पिकलें कीं दोन दिवसांत खाऊन टाकावें नाहीं तर वांटून टाकावें, एवढेच मार्ग. त्यामुळें आळींतल्या सर्वांत कृपण बाईच्या घरूनही आम्हांला सीताफळ मिळे. वनस्पतिशास्त्र जाणणारे सांगतात कीं, हें फळ मूळचें अमेरिका खंडांतलें असून पोर्तुगीजांच्या काळांत इकडे आलें. पेरू, पपई, अननस यांचेंही तसेंच. आणि आमच्या लोणच्यांतली तिखट मिरचीसुद्धां त्याच वाटेनें आलेली. परदेशांतून आलेल्या फळाला गांवानें सीतेचें नांव दिलें, त्याच्या भावंडाला रामाचें दिलें, आणि दोघांनाही उंबऱ्याच्या आंत घेतलें. आमची आजी त्याच गांवांत जन्मलेली होती. तिला मात्र उंबऱ्याबाहेर उभें राहावें लागे. आमचीं घरें वेशीबाहेर होतीं. बाप्तिस्म्यानें आमचीं नांवें बदललीं. गांवाच्या लेखीं वस्ती तीच राहिली.

आतां आंबा. घरचा आंबा असें म्हणण्यापूर्वीं घर कोणाचें हें सांगणें भाग आहे. आमचे आजोबा गांवांतील एका मोठ्या घरच्या आमराईची राखण करीत. मोहोर आल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत त्यांचा मुक्काम तेथेंच, झाडाखालच्या खोपटांत. मोबदला म्हणून वावटळींत पडलेल्या कैऱ्या आमच्या, आणि उतारणीच्या वेळीं मालकाच्या मनाला येईल तेवढें माप. आमच्या घरीं वळवाच्या वाऱ्याची वाट जितक्या आस्थेनें पाहत, तितकी दुसऱ्या कोणाच्या घरीं पाहत नसतील. रात्रीं वारा सुटला कीं आजी अंथरुणावर उठून बसे.

ते सारे आंबे गांवरान, म्हणजे कोयीपासून वाढलेले. आज जो केशर सर्वत्र दिसतो तो मूळचा जुनागडकडचा. कलमाचा असल्यामुळें एका झाडाचें फळ चाखलें कीं सगळ्या बागेचें चाखल्यासारखें होतें. आमच्या गांवरान आंब्यांत तसें नसे. अशा झाडाची कोय लावली तर येणारें झाड आईसारखें निघेलच असें नाहीं. प्रत्येकाचा गर, दोरा, वास, आंबटपणा निराळा. म्हणून प्रत्येकाला नांव असे. एक शेपू, त्याला शेपूचा वास. एक गोटी, एक खोबऱ्या, एक शेंदऱ्या. कोणत्या झाडाची कैरी लोणच्याला, कोणाची आंबोशीला, कोणाचा रस पोळीला, हें बायकांना तोंडपाठ होतें. शेपू अढींत घालून पिकवावा आणि चोखून खावा. त्याचें लोणचें घालणारी बाई अडाणी समजली जाई.

आमच्या आजीनें त्या आमराईंतलीच एक कोय आणून घरामागच्या परसांत लावली होती. भांडीं धुतलेलें पाणी, आंघोळीचें पाणी, सारें तिला जाई. ती जागा तरी आमचीच का, अशी कुरकूर कोणीसें केली. तेव्हां झाड अजून गुडघ्याएवढेंच आहे, मोठें झालें म्हणजे विचारीन, असें आजीनें उत्तर दिलें. आठनऊ वर्षांनीं तें फळास आलें. आंबा पिकल्यावरही आंबटच राही, दोराही फार. पण कैरी घट्ट, पांढरीशुभ्र, आणि इतकी आंबट कीं दांत शिवशिवत. लोणच्याला तिच्यासारखी कैरी सबंध आमराईंत नव्हती. हें आम्ही जिव्हाळ्यानें सांगतों आहों असें वाटेल, पण आमराईच्या मालकांनींही तें मान्य केलें होतें. कसें, तें पुढें येईलच.

लहान मुलांच्या दृष्टीनें कैरीचा एकच दोष: ती उपवासकाळांत येते. राखेच्या बुधवारीं प्रत्येक मुलानें आपल्या मनानें एक वस्तु ईस्टरपर्यंत सोडावी, असा मास्तरांचा आग्रह असे. आम्ही भावंडें मोठ्या धार्मिकपणानें कैरी सोडीत असूं. कारण उघड आहे. तेव्हां झाडावर नुसता मोहोर असे. पण ईस्टरचा दिवस चंद्रावर अवलंबून असल्यामुळें पुढेंमागें सरकतो. १९६७ सालीं तो २६ मार्चलाच आला आणि आमचें व्रत सुखानें पार पडलें. १९६२ सालीं मात्र तो २२ एप्रिलला आला. त्या वर्षीं परसांतलें झाड लगडलें होतें, आणि चाळीस दिवसांचा उपास म्हणजे काय हें प्रवचनाशिवाय कळलें.

लोणच्याचा दिवस मृगाच्या आधींचा. कैरींत कोय धरलेली असावी, पण पाड लागलेला नसावा. उतरवायची ती झेल्यानें. जमिनीवर आपटलेली कैरी लोणच्याला घेत नसत, तिची आंबोशी करीत, म्हणजे काप करून मीठ लावून वाळवीत. मोबदल्यांत आम्हांला मिळत त्या पडलेल्याच कैऱ्या. तेव्हां परसांतलें झाड येईपर्यंत आमच्या घरीं लोणचें नव्हतें, आंबोशीच होती, हें ध्यानांत घ्यावें. कैऱ्या धुवून, पुसून, फडक्यावर पसरून कोरड्या करीत. मग मोठ्या अडकित्त्यानें कोयीसकट फोडी. आजीचें माप शेराचें होतें आणि तें तिनें शेवटपर्यंत सोडलें नाहीं: पांच शेर फोडींना एक शेर मीठ, अर्धा शेर मोहरीची डाळ, पावशेराहून थोडें अधिक तिखट, मूठभर मेथी तळून कुटलेली, हळद, हिंग. फोडींना प्रथम हळदमीठ लावून एक रात्र ठेवायचें. सकाळीं सुटलेला खार वेगळा काढून दुसऱ्या दिवशीं मसाल्यांत मिळवायचा. तेल करडईचें, धूर निघेपर्यंत तापवून पूर्ण निववलेलें, आणि फोडी बुडून वर दोन बोटें राहील इतकें. मीठ फोडींतलें पाणी ओढून घेतें, तेल वारा लागूं देत नाहीं, मोहरी बुरशीला अटकाव करते. हें सारें शास्त्र आम्हीं पुढें वाचलें, बायका तें न वाचतां करीत. गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याच्या १५६३ सालच्या ग्रंथांतही तेलामिठांत घातलेल्या, आलें व लसूण भरलेल्या आंब्यांचा उल्लेख आहे, यावरून ही विद्या किती जुनी तें कळावें.

बरणीच्या तोंडाला दादरा बांधला कीं ती घरांतल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यांत जाई आणि तिचे नियम सुरू होत. ओला हात नको. उष्टा चमचा नको. आणि महिन्याच्या चार दिवसांतल्या बाईची सावली नको. हा शेवटचा नियम आमच्याही घरांत पाळीत, याचें आम्हांला आज नवल वाटतें. ज्यांना सारा गांव शिवत नसे, त्यांच्याही घरांत आणखी कोणी न शिवण्याजोगें असावेंच, अशी ही रीत! पुढें दवाखाना चालविणाऱ्या एका सिस्टरांनीं आमच्या आयाबायांना समजावलें कीं, लोणचें बिघडतें तें पाण्यानें, बाईनें नव्हे. आईनें दुसऱ्या वर्षीं एक लहान बरणी मुद्दाम तशी घालून पाहिली. ती वर्षभर टिकली; तेव्हांपासून आमच्या घरांतला तो नियम गेला.

आतां मालकांची गोष्ट. त्यांच्या घरीं आजीच्या परसांतल्या कैऱ्यांची कीर्ति गेली, तेव्हां दर वर्षीं टोपलीभर कैऱ्या मागवून नेऊं लागले, आणि बदल्यांत ज्वारीही नियमानें पाठवीत; त्यांत लबाडी नव्हती. कैरी आजीच्या हातची चाले. तीच कैरी आजीनें फोडून, मीठ लावून, तेलांत घातली कीं चालत नसे. एका रात्रींत, केवळ मिठाच्या स्पर्शानें, फळाची जात बदले. घटनेनें १९५० सालीं अस्पृश्यता रद्द केली व १९५५ सालीं तिच्याविरुद्ध कायदाही झाला. पण लोणच्याची बरणी कायदा वाचीत नाहीं. आजीला याचें वाईट वाटे कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं, कारण ती कधीं बोलली नाहीं. एवढेंच कीं, कैऱ्या टोपलींत भरतांना ती सर्वांत चांगल्या तेवढ्या बाजूला काढून ठेवी.

मग १९७२ सालचा दुष्काळ आला. आदल्या वर्षींही पाऊस बेताचाच होता. त्या वर्षीं तर खरीपच उभें राहिलें नाहीं. रेशनावर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळूं लागली, तिची भाकर थापतांना तुटे, मुलांसाठीं सुकडी. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं, आणि खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला वेशीच्या आंतलीं व बाहेरचीं सारींच माणसें एका रांगेंत बसलीं. ज्या घरांतल्या बायका कधीं उन्हांत दिसल्या नव्हत्या, त्या पदर पुढें ओढून हातोडी चालवीत. त्यांत मालकांच्या भावकींतली एक सून होती. आम्हीही आजीबरोबर त्याच कामावर होतों.

१९७३ च्या उन्हाळ्यांत एके दिवशीं दुपारच्या सुट्टींत त्या बाईनें फडकें सोडलें, तेव्हां त्यांत मिलोची नुसती भाकर होती, मीठही नव्हतें. आजीजवळ एका लहान डब्यांत परसांतल्या आंब्याचें लोणचें होतें, आदल्या सालचें, तळाशीं आलेलें, खारच जास्त. आम्ही वाट पाहत होतों कीं, आजी डबा झांकते कीं काय. तिनें डबा मध्यें सरकवला आणि म्हणाली, "घे माय. परसालचं हाय, लई मुरलंय." बाईनें रांगेंत इकडे तिकडे पाहिलें. मग भाकरीचा तुकडा मोडून खारांत बुडविला आणि मान खालीं घालून खाल्ला. दुसरा तुकडा मोडतांना तिनें इकडे तिकडे पाहिलें नाहीं.

यानंतर गांव बदलला असें आम्ही म्हणणार नाहीं. पाऊस झाला, कामें बंद झालीं, आणि विहिरीवरच्या रीती बऱ्याच अंशीं पूर्ववत् झाल्या. परंतु त्या घराकडून पुढच्या मोसमांत टोपली आली तिच्याबरोबर एक रिकामी बरणीही आली. निरोप असा कीं, यंदा कैऱ्या नकोत, घातलेलेंच द्या. आजीनें ती बरणी तीनदां धुतली, दोन दिवस उन्हांत ठेवली, आणि त्या वर्षीं बाजूला काढलेल्या चांगल्या कैऱ्या तिच्यांत घातल्या. ती देवाणघेवाण आजी गेल्यावरही आमच्या आईनें चालू ठेवली.

आमराई आतां नाहीं. ट्रॅक्टर आला, बांध अरुंद झाले, ऊंस आला, आणि उंचच उंच गांवरान झाडांच्या सावलींत पीक येत नाहीं म्हणून एकेक झाड लाकूडवाल्याकडे गेलें. शेपू गेला, गोटी गेली. कलमाचा आंबा तोडला तर दुसरें कलम त्याच चवीचें मिळतें; शेपूचें तसें नव्हतें, तें झाड जगांत एकच होतें. आजीचें परसांतलें झाड पुष्कळ टिकलें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें आपणां सर्वांस आठवतच असेल. आमच्याकडेही कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या, आणि त्याच उन्हाळ्यांत तें झाड शेंड्याकडून वाळत खालीं आलें.

त्याची एक कोय आमच्या आत्याबाईंनीं पूर्वींच नेऊन आपल्या दारांत लावली होती. तें झाड आतां चांगलें फळतें. कैरी आजीच्या झाडाइतकी आंबट नाहीं, दोरा कमी आहे, आणि पिकल्यावर आंबा खातां येतो, जें आजीच्या झाडाबद्दल कोणालाही म्हणतां आलें नसतें. यंदा त्या झाडाच्या कैऱ्या मंडळाच्या बायकांनीं चर्चच्या ओसरीवर बसून फोडल्या. मीठ शेराच्या मापानेंच घातलें, फक्त आंबटपणा कमी म्हणून मोहरी किंचित् वाढवली. त्या तीन बरण्या जेवणाच्या मांडवांत डाव्या हाताला ठेवल्या आहेत. वाढायला पळ्या आहेत, त्या कोरड्या राहतील एवढें पाहावें.